केबल काढली ती घरच्यांसाठी

३ फेब्रुवारी, सोमवार. रात्री ८.४०
केबल काढली. संपला विषय.
आठच्या चर्चेत तो जाड चष्म्याचा प्रवक्ता आता तोंडघशी पडणार, तेवढ्यात पडदा निळा. महिन्यात चौथ्यांदा. केबलवाल्याला फोन केला. म्हणे उंदराने वायर कुरतडली असेल, उद्या बघतो काका.
काका! मी एक्कावन्न वर्षांचा आहे. तो स्वतः चाळिशीचा, पोट सुटलेला. मी शांतपणे सांगितलं, उद्या येशील तेव्हा वायर गुंडाळून घेऊनच जा. आमची चिमणी (लेक, कॉलेजचं शेवटचं वर्ष) आतल्या खोलीतून म्हणाली की बाबा, फोन नसता तरी त्याला ऐकू गेलं असतं.
तीनशे बारा चॅनेल. त्यातलं मी बघतो एक. उरलेली तीनशे अकरा घरच्यांची डोकी खराब करायला. आता स्ट्रीमिंग. हवं ते, हवं तेव्हा. या डबड्यातून घरच्यांना मोकळं करायचं ठरवलं आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार
केबलवाला आला. वायर गुंडाळली, डबा काखोटीला मारला. जाताना म्हणाला, लागली तर फोन करा, नंबर तोच आहे. मी म्हटलं, या जन्मात नाही. आईने त्याला पाणी दिलं. माणूस भांडून चाललाय आणि ही पाणी देते.
आई (वय अठ्ठ्याहत्तर) सात वर्षं साडेसहाची मालिका बघते. सौ. (चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासते) कामावरून आली की गाण्यांचं काहीतरी लावते. दोघींना सुरुवातीला जड जाईल. कोणी रडलं तरी विरघळायचं नाही.
संकल्प: आठवड्याभरात सगळी ॲप्स तपासून एकच निवडायचं. वहीत तक्ता आखला. रकाने चौदा.

६ फेब्रुवारी, गुरुवार
कोणी रडलं नाही. आतल्या आत सोसत असणार.
पहिलं ॲप घेतलं. उंटाचं चित्र असलेलं. उघडल्या उघडल्या विचारतं, कोण पाहतंय? माझं घर, माझा टीव्ही, आणि मलाच विचारतं कोण पाहतंय! पासवर्डात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह पाहिजे म्हणे. टाकला. म्हणे कमजोर आहे. एकवीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर बसतोय, आजवर मला कोणी कमजोर म्हटलेलं नाही.
शेवटी चिमणीने करून दिलं. दोन मिनिटांत झालं. मी आधीच सगळी तयारी करून ठेवली होती म्हणून.
उंटवाल्यावर चर्चा नाही. एकही. बर्फातले खून मात्र आहेत, ओळीने अठरा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
उंटवाल्यांच्या हेल्पलाइनला फोन. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, हे बावीस मिनिटं ऐकलं. मग एक मुलगी आली. म्हणाली, सर, तुमची तक्रार नोंदवली आहे, संबंधित विभागाकडे पाठवली आहे. कधी होईल विचारलं, तर प्रक्रियेत आहे. हा काय जिवंत माणसाशी बोलायचा प्रकार झाला? डोकं असं तापलं की सकाळचा डबा तसाच घरी परत आणला.
खिडकीवर आज एक बाई आल्या होत्या. अकरा दिवस नळाला थेंब नाही. त्यांना सांगितलं, प्रक्रियेत आहे. ऐकायलाच तयार नाहीत. काही लोकांना धीर म्हणून नसतोच.

९ फेब्रुवारी, रविवार
दुसरं ॲप, छत्रीवालं. सोबत बोलून चालणारा रिमोट. बटण दाबायचं आणि हवं ते सांगायचं. मी स्पष्ट उच्चारात म्हटलं, आठची चर्चा. त्याने भुतांचे आठ सिनेमे काढले. पुन्हा म्हटलं. आठवीचं गणित काढलं. तेव्हा माझ्या तोंडून ‘गाढवा’ निघून गेलं. ते मात्र बरोबर ऐकलं. गाढवांवरचे अकरा माहितीपट.
आई आणि चिमणी सोफ्यावर पाय घेऊन त्यातला एक शेवटपर्यंत बघत बसल्या. आई म्हणाली, जीव चांगला असतो, फक्त ओरडतो फार. सौ. हसली. यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार
छत्रीवाल्यावर चर्चा सापडली. पण कालची. दुसऱ्या दिवशी टाकतात. तरी लावली. प्रवक्ता धादांत खोटं बोलला. मी उठलो, बोट रोखलं, तोंड उघडलं, आणि मनात आलं की हा माणूस काल घरी जाऊन जेवून झोपलासुद्धा. कालच्या माणसावर आज ओरडण्यात राम नाही.
तेवढ्यात पडद्यावर पाटी आली. तुम्ही अजून पाहत आहात का? मग काय करणार? कुठे जाणार?
तक्त्यात छत्रीवाल्यापुढे फुली मारली. कागद फाटला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
संकल्प: आठ ते नऊ हा वेळ वाया घालवायचा नाही. रोज घरगुती चर्चा. विषय मी देणार, प्रत्येकाने मत मांडायचं. टीव्हीमुळे घरातली माणसं एकमेकांशी बोलत नाहीत असं सगळे म्हणतात. आम्ही बोलणार.
आजचा विषय: न्हाणीघरातला दिवा चालू कोण ठेवतं? सौ. म्हणाली, राहिला असेल चुकून. असेल म्हणजे काय? मी मुद्द्याला धरून, आवाज न चढवता, पंचवीस मिनिटं बोललो. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंनी जमिनीवर दोनदा काठी आपटली. त्यांना बहुतेक पटलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार
विषय: कात्री जागेवर का नसते?
चिमणीने कानात ती बोंडं घातली होती. काढायला लावली. आई म्हणाली, मी नर्सबाईंकडे पत्ते खेळायला जाते. बरोबर आठ वाजता? रोज? मी म्हटलं, चर्चेत ज्येष्ठांचं मत लागतं. म्हणाली, माझं मत कात्रीच्या बाजूने. आणि कठडा धरून जिना चढून गेली. एरवी गुडघे दुखतात.

१७ फेब्रुवारी, सोमवार
तिसरं ॲप. याच्यावर चर्चा थेट! घरात सगळ्यांना सांगितलं. चिमणी म्हणाली, सुटलो. माझ्या आनंदात तिला आनंद, बरं वाटलं.
पण हे चाळीस सेकंद मागे चालतं. समोरच्या इस्त्रीवाल्याकडे केबल आहे. त्याच्याकडे प्रवक्ता ओरडून मोकळा होतो, तेव्हा माझ्याकडे तो चष्मा पुसत असतो. मी ओरडायच्या आधी इस्त्रीवाला ओरडतो. वर साडेआठला प्रवक्ता तोंड उघडून गोठला. नाकावर गोल फिरतंय. फिरतंय. फिरतंय.
चिमणी आत परीक्षेचं लेक्चर उतरवून घेत होती, म्हणून नेट पुरेना. त्यावरून थोडं बोलणं झालं. रिमोट माझ्या हातून सुटला. भिंतीपर्यंत सुटला.
तिने घरंगळलेले सेल शोधून टेबलावर ठेवले, खोलीत गेली आणि आतून कडी लावली. या घरात कडी लावायची पद्धत नाही.
रिमोट चिकटपट्टीने जोडला. चालतो. म्हणजे फार जोरात नव्हता लागला.

२० फेब्रुवारी, गुरुवार
चिमणी परीक्षेपर्यंत मैत्रिणीकडे राहणार. सौ. म्हणाली तिला शांतता हवी आहे. मी म्हटलं, टीव्ही तर बंदच आहे, आणखी शांतता आणू कुठून? सौ.ने माझ्याकडे बघितलं. दुकानात शेवटची ओळ वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघत असेल तसं.
संकल्प: उद्यापासून चर्चेत मी फक्त ऐकणार.

२२ फेब्रुवारी, शनिवार
ऐकायला कोणी नाही. आई आज माझ्या बहिणीकडे गेली. दोन दिवसांसाठी म्हणाली, पण औषधांचा अख्खा डबा नेला, गुडघ्याचा पट्टा नेला, पत्तेसुद्धा नेले. पत्ते नर्सबाईंचे.

२६ फेब्रुवारी, बुधवार
दोन दिवसांचे चार झाले. बहिणीला फोन लावला. दादा, आई इथे बरी आहे, म्हणाली. झोप लागते तिला. मी म्हटलं, इथे काय तिला काटे टोचत होते? तिने फोन आईकडे दिला. आईने विचारलं, जेवलास का? मी हो म्हटलं. बरं, म्हणाली. फोन ठेवला.
नीट विचार केला. बहिणीकडे केबल आहे. मालिकेसाठी गेली. केबलवाल्यांनी घरं फोडायचीच ठरवली आहेत.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
सौ.चं दुकान सातला बंद होतं. घरी यायला दहा मिनिटं. ही आठवडाभर नऊला येते. विचारलं की म्हणते, स्टॉक मोजत होते. आज दुकानात फोन केला. मालक म्हणाले, बाई सातलाच गेल्या. डोक्यात तिडीक गेली. शर्ट अडकवला आणि निघालो शोधायला. काय बोलायचं त्याचे मुद्दे जिना उतरतानाच तयार केले. पाच होते.
पहिल्या मजल्याच्या वळणावर सौ. पायरीवर बसलेली. पर्स मांडीवर, बिस्किटाचा पुडा उघडा. माझी पावलं ऐकून तिने पुडा मिटला.
इथे काय करतेस, म्हटलं.
“नऊ वाजायची वाट बघतेय,” ती म्हणाली. “आठ ते नऊ तुम्हाला ओरडायला कुणीतरी लागतं. टीव्ही होता तोवर तो माणूस घ्यायचा सगळं अंगावर. आता आम्हीच उरलो. आईंना नाही झेपत, पोरीला नाही झेपत. मलाही नाही झेपत हो.”
तिच्या बोलण्यात पुरावा नव्हता. खोडून काढता आलं असतं. पण जिन्यातला दिवा गेलेला, आणि अंधारात मला मुद्दे सुचत नाहीत.
वर आलो. ती दोन पायऱ्या मागे चालत होती. मी हळू चढलो, तर तीही हळू.

२ मार्च, रविवार
सौ.ने केबलवाल्याला बोलावलं. मला विचारलं नाही. आला, शिडी लावली, कोणतं पॅकेज म्हणाला. ती म्हणाली, आठची चर्चा लागते ते एक चॅनेल द्या, बाकी काही नको.
मी मध्ये पडलो. आईची मालिका? तर म्हणे आईंना आता पत्तेच आवडतात, मालिकेची त्यांनी आठवणही काढली नाही. आणि तुझी गाणी? ती फोनवर ऐकते, येताजाता, महिना झाला.
केबलवाल्याने शिडीवरून विचारलं, “काकू, एका माणसासाठी एवढी वायर ओढायची?”
“चार माणसांसाठी आहे,” सौ. म्हणाली.
तो खाली वाकला, मला म्हणाला, काका, जरा पक्कड धरा. धरली.

३ मार्च, सोमवार. रात्री ८.५०
आई दुपारी आली. चिमणी संध्याकाळी. मला पेपर कसे चाललेत विचारायचं होतं, पण तिने पिशवी ठेवली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली.
नोंद: घरच्यांच्या आग्रहाखातर केबल परत घेतली. माणसाने ताठर असू नये. तिन्ही ॲप्स बंद करायची आहेत, बंद करायचं बटण सापडत नाही.
आठला चर्चा लागली. एक सेकंदही मागे नाही. प्रवक्ता वाटेल ते बोलत होता, पण आज माझं तिकडे लक्ष नव्हतं. आत तिघींचं काहीतरी चाललं होतं. आई सांगत होती आणि दोघी हसत होत्या, चिमणी तर खोकेपर्यंत. मी टीव्हीचा आवाज बंद केला. तरी शब्द कळेनात. उठून दारापर्यंत गेलो. काय झालं, मलाही सांगा की, म्हटलं. साध्या आवाजात.
तिघी गप्प झाल्या. सौ. म्हणाली, काही नाही, असंच. चिमणीने ओटा पुसायला घेतला. तो आधीच पुसलेला होता.
मग परत येऊन खुर्चीत बसलो, टीव्हीचा आवाज वाढवला, आणि प्रवक्त्याला दोनदा, बाहेर ऐकू जाईल असं, खोटारडा म्हटलं.
जरा वेळाने आत पुन्हा हसणं सुरू झालं.