प्रभुभोजनाचं ताट

रविवार, संध्याकाळ

नवराबायकोच्या नात्यावरचं ते ख्रिस्ती पुस्तक काल संपलं. क्षमेच्या प्रकरणात पेन्सिलीने जाड रेघा मारल्या आणि विनोदच्या उशाशी ठेवलं. वाचू दे जरा नवऱ्याला! गुरुवारच्या भांडणापासून मी त्याच्याशी बोलत नाहीये. त्याने ते उघडलंही नाही.

आज चर्चमध्ये येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीतलं प्रभुभोजनाचं ताट रांगेतून फिरत आलं. मी भाकर घेतली. त्याने ताट तसंच पुढे दिलं. मला रागच आला, लोक काय म्हणतील?

घरी येताना गाडीवर शेवटी मीच विचारलं, "काहून नाही घेतलं?"

"तू बोलून नाही राहिली माह्याशी. आपलं मिटलंच नाही, तं कसं घेऊ?"

पुस्तक अजून त्याच्याच उशाशी आहे. त्या रेघा मीच मारल्या होत्या. आणि भाकरही मीच घेतली.