भट्टीच्या दारावरचा हात

प्रिय क्लेटन,

वाढदिवसाला पाठवलेला तो भट्टीसाठीचा बिनतारी थर्मामीटर बाबा वापरतात का, असं तू दर फोनला विचारतोस आणि मी दर वेळी ‘हो, छान चाललाय’ म्हणून विषय बदलते. फोनवर बोलायचं तर बाबा समोरच्याच खुर्चीत असतात, आणि खरं सांगायला लागले तर मला रडू फुटेल. म्हणून आज चर्चच्या हॉलमधल्या टेबलांच्या चादरी धुवायच्या निमित्तानं घराबाहेर पडले आणि इथं टेबलाशी बसून लिहितेय. अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे. जीव थाऱ्यावर नाही.

तुझ्या त्या थर्मामीटरनं आम्हाला आधी रडकुंडीला आणलं, हे मात्र खरं. चर्चच्या वार्षिक जेवणाआधी छातीच्या मांसाचं एक ब्रिस्केट भाजून बघू, म्हणून बाबांनी तीन आठवड्यांपूर्वी शनिवारी उजाडताच मागची विटांची भट्टी पेटवली. एक सळई मांसात खुपसली, दुसरी जाळीला अडकवली आणि पडद्याचं खोकं माझ्याकडे स्वयंपाकघरात दिलं. पडद्यावर आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा. बाबा खूश! “बघ, मी म्हणालो नव्हतो? माझ्या आज्यानं या काउंटीत भट्टी घातली तेव्हा काय आकाशवाणी होत होती?” तेवढ्यात शेजारचा एर्विन सुलाक कॉफी प्यायला आला. त्याला असल्या यंत्रांची भारी हौस. “अरे अल्विन, मध्ये वीट, वरून पत्र्याचं झाकण, आणि पलीकडे तुझ्या बायकोचा लोखंडी फ्रीज! आवाज पोचणार कसा?” असं म्हणत त्यानं खोकं खिडकीत आणून ठेवलं. एका सळईचा आकडा उमटला. दुसरी तरी गप्पच. तिचं टोक मागच्या वेळच्या चरबीनं माखलं होतं, त्यामुळे चार्जिंगच्या डबीत ठेवूनही ती रात्रभर चार्जच झाली नव्हती. मी ते व्हिनेगरनं पुसलं, सळई पुन्हा डबीत ठेवली, थोड्या वेळानं तीही बोलायला लागली. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी नाक मुरडलं.

मग भट्टीचा आकडा चढायला लागला. आपण अडीचशेवर धरतो ना, तो तीनशेच्या पुढे गेला आणि थांबेना. बाबा मात्र ओकचा आणखी एक ओंडका आत सारत होते. तुला ठाऊक आहे त्यांची पद्धत. जाळीवर हात धरायचा, चेक भाषेत आकडे मोजायचे आणि चटका असह्य झाला की हात काढायचा. त्या दिवशी ते मोजतच राहिले. “भट्टी गार आहे. तुझ्या लेकाचं खेळणं थापा मारतंय.” एर्विन दोन पावलं मागं सरकला होता. म्हणाला, “अल्विन, मला इथं उभं राहवत नाही रे.” “तू म्हातारा झालास,” बाबा म्हणाले.

भांडण मिटावं म्हणून मीच सुचवलं, सळया तपासून बघू. भांड्यात बर्फ आणि पाणी घेऊन ढवळलं, दोन्ही सळया आत धरल्या. आकडा फॅरनहाइटच्या बत्तीसवर येऊन थांबला, जसा यायला हवा तसा. मग उकळतं पाणी. तिथंही बरोबर. एर्विन म्हणाला, “झालं? यंत्र खरं बोलतंय.” बाबांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं रागानं. आता कळतं, ते घाबरले होते. “खरं काय ते मी दाखवतो,” असं म्हणून ते तरातरा गेले आणि भट्टीच्या लोखंडी दारावर त्यांनी उजवा तळवा सपाट टेकवला.

आणि तो तिथंच ठेवला, क्लेटन. माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, “बघ डार्ला, कोमट आहे.”

मला आधी वास आला. मांसाचाच वास, पण आतल्या नव्हे. मी किंचाळले, “अल्विन, हात काढ!” तर ते विचारतात, “का? काय झालं?” एर्विननं कमरेला विळखा घालून त्यांना मागं ओढलं. तळव्याची साल दारावर राहिली. बाबा आपल्याच हाताकडे असं बघत होते, जसं कुणी परक्याचा हातमोजा बघावा. वेदनेचा एक हुंकार नाही. ते ओरडले असते ना, तर मी इतकी भ्याले नसते.

दवाखान्यात जखम बांधली, पण डॉक्टरीणबाई जखमेवर थांबल्या नाहीत. त्यांनी बाबांना डोळे मिटायला सांगितलं आणि दुसऱ्या हाताच्या बोटांना सुई टोचत विचारत राहिल्या, “आता? आता?” बाबा गप्प. सुई मनगटाच्या वर गेली तेव्हा कुठं म्हणाले, “हां, आता.” पायांचंही तेच, गुडघ्याच्या जवळ येईपर्यंत काही नाही. मग एकेक गोष्ट बाहेर आली. सदऱ्याच्या गुंड्या लागत नाहीत म्हणून हे गेल्या हिवाळ्यापासून टी-शर्ट घालतात. एकदा पायातली चप्पल वाटेत निसटली, तर थेट टपालपेटीपर्यंत तसेच चालत गेले. मला काही बोलले नाहीत. “तू उगाच घाबरली असतीस,” म्हणाले.

मी सावरले नव्हते, नुसती बसून होते. बाई विचारत होत्या, घरात आणखी कुणाला असं होतं का? बाबा पटकन नाही म्हणाले. पण मला तुझी आजी आठवली. ओव्हनमधून कोलाचेच्या गोड पावांचे ट्रे ती फडक्याशिवाय काढायची आणि आम्ही सुना कौतुकानं बघायचो. शेवटी शेवटी तिचे पाय लाकडासारखे झाले, मग हृदयानं दगा दिला. मी हे सांगितलं, तशी बाईंनी लेखणी खाली ठेवली. तपासणीसाठी रक्त ह्यूस्टनला गेलं.

चर्चचं जेवण गेल्या रविवारी झालं. भट्टी एर्विननं सांभाळली, तुझा थर्मामीटर गळ्यात अडकवून! बाबा हाताला पट्टी बांधून सावलीत बसले होते. लोकांनी बोटं चाटली. बाबांनी एक घास खाल्ला, म्हणाले, “कोरडं आहे.” एर्विन म्हणाला, “तुझ्या तोंडापेक्षा ओलं आहे.” सगळे हसले. मीही हसले आणि मग मागच्या खोलीत जाऊन तोंड दाबून रडले. कारण आदल्या शुक्रवारी निकाल आला होता आणि तो फक्त बाबांपुरता नव्हता.

हा आजार रक्तातून येतो, क्लेटन. आजीकडून बाबांना आला. आईबापांपैकी एकाला असला की मुलाला असण्याची शक्यता अर्धी. नसाही मरतात आणि हृदयही. औषध आहे, ते आजाराला जागच्या जागी थोपवतं, पण गेलेलं परत आणत नाही. म्हणून जितकं लवकर तितकं बरं. बाबांनी मला शपथ घातलीय की तुला कळवायचं नाही. “पोराला मी हे दिलं, हे त्याला कशाला सांगतेस?” म्हणतात आणि भिंतीकडे तोंड करून बसतात. मी शपथ मोडतेय. गेल्या नाताळात तू बिडाचा तवा उघड्या हातानं चुलीवरून उचलून टेबलावर आणलास आणि सगळे आपल्या घराण्याचं नाव घेत ‘खरा कुबेना!’ म्हणून ओरडले, तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तुझ्या तळव्याला पट्टी होती. तू म्हणालास, ट्रकच्या बॉनेटनं भाजलं. मी विश्वास ठेवला, कारण ते सोपं होतं. बाळा, याच आठवड्यात तिथल्या डॉक्टरकडे जा. तुझ्यामागे तुझी लेक टेसा आहे. माझ्यावर चीड, बाबांवर चीड, पण जा. गेला नाहीस तर मी डाकोटाला येऊन तुला हाताला धरून नेईन. आणि तेव्हा माझी पकड तुला जाणवली नाही, तर माझ्या समाधानासाठी जाणवते असं म्हणू नकोस.

तुझीच,
भेदरलेली आई