दोघींचं एक पान

३ मार्च, दुपार

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

तुझा खोकला गेला का? चिरंजीवांची कंबर काय म्हणते? वाकडं बसू नकोस म्हणून मी त्यांच्या लहानपणापासून कानीकपाळी ओरडले, आता पाळी तुझी. पिल्लूचा दात पडला की अजून जिभेने हलवतच बसलाय? तुझ्या आईंच्या गुडघ्याला उतार आहे ना? माझं म्हणशील तर मी ठणठणीत आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल. पण आपल्या दोघींचा फोन कसा असतो, तुलाही ठाऊक आहे. “जेवलात का?” “जेवले. तू?” “हो.” मग दोघी मिळून पिल्लूला हाका मारतो.

तू पाठवलेलं तुझं जुनं वाचनयंत्र फार सोयीचं आहे गं. अक्षरं मी कोटाच्या बटणाएवढी करून घेतली आहेत. एवढी जाडजूड कादंबरी, पण वजन माझ्या कात्रीपेक्षा कमी; कुशीवर पडून एका हाताने वाचता येते. अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की अर्थ सांगतं, आणि ‘एवढंही येत नाही?’ असं तोंड करत नाही. मी वाचायला शिकले ती कपडे बेतायच्या जुन्या वर्तमानपत्रांवरून. अर्धी बातमी बाहीला जायची, उरलेली मनानेच पुरी करायची.

सुरुवातीला मात्र मी त्याच्यावर भारी चिडले होते. संध्याकाळी गोष्टीतल्या बाईचं लग्न ठरत असताना मिटावं, तर सकाळी तिला दोन मुलं झालेली! मी पुटपुटत पानं उलटून पुन्हा लग्नापाशी यायची. दुसऱ्या दिवशी तेच. शेवटी चिरंजीवांना म्हटलं, यंत्र बिघडलंय, पान पळतं. ते हसतच सुटले. “अगं आई, तुमच्या दोघींचं खातं एकच आहे. ती पुढे वाचते, तुझं पान पुढे जातं. तू मागे नेतेस, तिचं मागे येतं. तीही माझ्याकडे हीच तक्रार करते!”

म्हणजे इतके दिवस आपण दोघी एकच चादर ओढत होतो.

सुट्टीत आले की मला वेगळं खातं काढून देणार आहेत. मी ‘बरं’ म्हटलं. फोन ठेवला आणि उगीचच शिवणयंत्राला तेल घालत बसले. त्यावर शिवायला हल्ली काही नसतं.

तुला म्हणून सांगते. त्या दिवसापासून गोष्टीत माझं फारसं लक्ष नाही. सकाळी चहाआधी यंत्र उघडते आणि तू कुठवर आलीस ते बघते. तुझे सासरे गेल्यापासून या घरात प्रत्येक वस्तू मी ठेवली तिथेच सापडते. कात्री, चष्मा, पाण्याचा पेला. कुणी हलवत नाही. हे एक पान तेवढं हलतं.

मध्यंतरी तेही हलेना. मी येता-जाता उघडून बघायची. चिरंजीव फोनवर ‘सगळं ठीक’ म्हणायचे. तू तापाने पडली होतीस हे मागाहून कळलं. मग एका सकाळी पान पुढे गेलं आणि माझा जीव भांड्यात पडला. पण तिथे तू एका वाक्याखाली रेघ ओढली होतीस: ‘घर माणसांनी भरलेलं होतं, पण तिला कुणी काही विचारत नव्हतं.’

तुझी रेघ मी वाचली, रागावू नकोस. तू कधी काही बोलली नाहीस, मीही ‘जेवलीस का’च्या पुढे गेले नाही. म्हणून आज विचारते. तू बरी आहेस का? ताप, खोकला सोडून विचारतेय.

आणि चिरंजीवांना सांग, आईला वेगळं खातं नको. पान पळालं तर पळू दे, मी मागे ओढणार नाही. त्या बाईला मुलं कधी झाली ते तूच सांग. पण आपलं वाचन दुसऱ्या कुणी बघू नये असं तुला वाटत असेल, तर खुशाल वेगळं करा. मी रुसणार नाही. दोन दिवस रुसेन फार तर.

उत्तर लवकर लिही, दोन ओळींचं का होईना. आणि हे पाकीट फोडशील त्या दिवशी एक पान पुढे उलट. मी सकाळी बघतेच.

तुझ्या पानापाशी थांबलेली,
आई