मला मोजा

२ जुलै
पुण्यात आले आणि लगेच नोकरीवर रुजूही झाले. खराडीला दादाकडे उतरलेय. पूर्वावहिनीला सातवा महिना आहे, तरी तिने थालीपीठ करून वाढलं. म्हणाली, वन्सं, भाषणं बाहेर करा, घरात भांडी घासा. पोट धरून हसलो.

सदाशिव पेठेतलं आमचं केंद्र फ्लूच्या साथीवर नजर ठेवतं. तापकऱ्यांच्या नाकाघशातले नमुने घ्यायचे, तपासायला पाठवायचे, साथ कुठून कुठे सरकतेय ते ओळखायचं. रुजू होणाऱ्याचाही नमुना घेतात, अशी इथली रीत. केंद्रप्रमुख रंगनाथ सरांनी माझा स्वतः घेतला. म्हणाले, आपण मोठ्या वक्त्या आहात म्हणे. मग आ करायला सांगायला नको.

५ जुलै
मार्केट यार्डातले हमाल नमुना देईनात. नाकात काडी घातल्याने कुणाचं पोट भरलंय, असं संपत हमालाने विचारलं आणि सगळे खिदळले. मी कांद्याच्या पोत्यांवर चढले. मास्कमधून आवाज पोचेना, म्हणून तो काढला. सांगितलं, या शहरात बंगल्यातल्या शिंकेचीही दखल घेतात आणि तुमचं मरण आकड्यातसुद्धा येत नाही. ज्याला कुणी मोजत नाही त्याला खाट नाही, लस नाही, औषध नाही. हात वर करा आणि म्हणा, मला मोजा. सगळे हात वर गेले. संपतने पहिला नमुना दिला. आज जन्माचं सार्थक झालं.

११ जुलै
यार्डात तापाने थैमान घातलंय. सर खूश आहेत. नमुने कमी पडायचे, आता बाटल्या कमी पडतात म्हणाले. संपत इस्पितळात आहे. त्याची बायको मथुराबाई मला हाताला धरून आत घेऊन गेली. म्हणाली, ताई, ह्यो तापात तुमचंच बोलतोय, असली भाषा त्याला कुठनं येती? डोळे मिटलेले. ओठांवर माझं भाषण, शब्दन् शब्द. मी थांबले होते तिथेच थांबत होता. शेवटी हात वर आला.

१४ जुलै
संपत गेला. सर म्हणाले, मोजला की आपण त्याला. तुमचीच मागणी होती ना?

१७ जुलै
वहिनीचं डोहाळजेवण. मन नव्हतं, पण तिने हट्ट धरला: आत्याचं भाषण बाळाने पोटातच ऐकलं पाहिजे. बायका जमल्या होत्या. मी पोटाशी तोंड नेऊन बोलले. यार्डातलंच भाषण आठवलं, तेच म्हटलं. बाळाने आतून लाथ मारली. टाळ्या पडल्या.

२० जुलै
आजारी पडलेले सगळे त्या दिवशी माझ्यासमोर उभे होते. बाकी यार्डात कुणाला कणकणसुद्धा नाही. संपतनंतर आणखी दोघे गेले, आणि जो मरतो तो माझंच बोलत मरतो. सरांकडे माझ्या नमुन्याचा निकाल मागितला. चहा ढवळत म्हणाले, फ्लू आहे की, पहिल्या दिवसापासून. मग मला सांगितलं का नाही? तर म्हणे, आपल्या व्याख्येत ताप आणि खोकला लागतो, तुम्हाला दोन्ही नाही, मग तुम्ही रुग्ण कशा? आणि रुग्णच सापडले नाहीत तर केंद्र चालायचं कसं? दर पावसाळ्यात असं एखादं बोलकं माणूस शोधावं लागतं. पुढच्या आठवड्यात मला मुलांच्या अभ्यासिकेत पाठवणार आहेत.

मी ओरडले नाही. तोंड उघडायचीच भीती वाटली.

२१ जुलै
राजीनामा दिला. सर म्हणाले, आवाज कुठे ठेवून जाणार?
घरी आले. खोलीला आतून कडी. दादाला फोनवर लिहून कळवलं, वहिनीला माझ्याजवळ येऊ देऊ नको. त्याला चेष्टा वाटली—

२२ जुलै
वहिनीला ताप. दादा डॉक्टरांना आणायला गेलाय. घरात आम्ही दोघीच.
तोंडात ओढणी कोंबलीय. दाराजवळ जात नाही.

दुपार
वहिनी दाराशी येऊन बसलीय. पाणी मागत होती. मग मागायची थांबली.
आता बोलतेय. बंगल्यातली शिंक— खाट नाही, लस नाही—
देवाशपथ, मी तोंड उघडलेलं नाही—

मला मोजा म्हणाली. धाप लागली, गप्प झाली.
गप्प आहे ती. तरी भाषण पुन्हा पहिल्यापासून सुरू झालंय. तिचा आवाज नाही. बारीक आहे, पाण्यातून आल्यासारखा, आणि मी थांबले होते तिथेच थांब—