येथे हसवू नये

३ फेब्रुवारी, सोमवार

पाच उशा. एका माणसाला, एका खाटेवर, पाच उशा! समस्त शयनशास्त्राच्या वतीने मी याचा निषेध नोंदवतो. दोन डोक्याखाली, दोन पाठीशी, हे समजण्यासारखं आहे. पाचवीचं प्रयोजन विचारलं, तर सिस्टर म्हणाल्या, ती पोटाशी धरायला, खोकला आला की कळेल. मी म्हटलं, एवढ्या उशांवर माणूस झोपत नाही, त्याचा राज्याभिषेक होतो. त्या हसल्या नाहीत. कामावर असताना हसत नसाव्यात.

बाकी आगमन झकास. टेकाडावरचं दुमजली घर, मोठ्या खिडक्या, धूळ नाही, धूर नाही, अत्तरालासुद्धा बंदी. दोन महिने इथे राहायचं, हा ताईचा हुकूम. ती म्हणते, रात्री तुझ्या छातीत कोणीतरी जुनी बाजाची पेटी उघडतं नि मिटतं, आणि झोप माझी जाते. तीस वर्षं बातमीदारी केली, दर बातमीमागे निदान एक सिगारेट. बातम्या लोक विसरले. सिगारेटी तेवढ्या छातीत जपून ठेवल्या आहेत.

जिन्याच्या मधल्या चौकात एक खुर्ची आहे. मोठी शहाणी खुर्ची. आम्ही दमेकरी लोक जगभर जिन्यांवर नाटकं करतो: बुटाची नाडी बांधतो, फोन आल्यासारखं करतो, खिडकीतून निसर्गशोभा बघतो. इथे नाटक नाही. बसायचं, धापा टाकायच्या, उठायचं. मी बसलो आणि बरं वाटलं.

रहिवासी तीन. एक पाववाले, चाळीस वर्षं भट्टीपुढे पीठ हुंगलेले. दुसऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे हेडबाई म्हणतात. नाकाला प्राणवायूची नळी, पण ती दागिन्यासारखी मिरवतात. तिसरे खाणकाका. दगडाच्या खाणीतले, शब्द तीन-तीनच्या हप्त्याने देणारे. मी आणि सिस्टर धरून पाच जण. जेवणघराच्या भिंतीवर पाटी आहे: ‘येथे हसवू नये’. थुंकू नये, धूम्रपान करू नये, फुलं तोडू नयेत, हे सारं वाचत हयात गेली. हे नवीन. ताईला कळवलं पाहिजे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी नाश्त्याआधी फुंकण्याचा विधी. हाताएवढी नळी असते, तिला एक काटा. छातीत असेल नसेल तेवढं फुंकायचं, काटा सरकतो. तीनदा फुंकायचं, त्यातला मोठा आकडा धरायचा. हेडबाई तो फळ्यावर खडूने लिहितात, शाळेतल्यासारख्या सुरेख अक्षरात. आजचे: पाववाले २१०, हेडबाई १८०, खाणकाका १६०, मी १९०. बातमीदाराच्या खोडीनुसार मीही वहीत उतरवले.

पाववाले दाढी दोन टप्प्यांत करतात. आधी डावा गाल, मग पाव तास बसून राहणं, मग उजवा. तेवढा वेळ त्यांचा चेहरा अर्धा असतो. हेडबाई आणि पाववाले यांचं खिडकीवरून युद्ध चालू असतं. बाईंना उघडी हवी, पाववाल्यांना बंद. दोघांचाही खिशातल्या औषधाच्या फवाऱ्याला सारखा हात जातो. आम्हा सर्वांचा जातो. पाकीटमारांच्या गर्दीत पाकिटाला जातो तसा.

दुपारच्या चहाला मी गप्पांना तोंड फोडलं. म्हटलं, आमच्या कचेरीला तीन मजले. दर मजल्यावर मी दम खायला थांबायचो आणि कोणाला कळू नये म्हणून भिंतीवरची ‘आग लागल्यास काय करावे’ ही सूचना वाचायचो. दोन वर्षांत मला ती तोंडपाठ झाली. साहेबांनी खूश होऊन मलाच अग्निसुरक्षा-प्रमुख नेमलं. मग आगीची रंगीत तालीम झाली. सगळी कचेरी दोन मिनिटांत बाहेर. फक्त प्रमुख सापडेनात. प्रमुख दुसऱ्या मजल्यावर सूचना वाचत होते.

पाववाल्यांनी टेबलावर थाप मारली आणि ते हसत सुटले. हेडबाईंनी तोंडाला पदर लावला. खाणकाकांचे खांदे गदगदले. हसण्याचा खोकला झाला, खोकल्याची उबळ झाली, पाववाल्यांचे ओठ जांभळे पडले. सिस्टर धावत आल्या. मला म्हणाल्या, वाचता येतं ना तुम्हाला?

मी ओशाळलो. पण खरं सांगायचं तर फार दिवसांनी कोणीतरी माझ्यावर इतकं हसलं होतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

रात्री चक्क झोपलो. तीनच उशांवर. पाचवी खाली पडलेली सकाळी दिसली.

फळा: पाववाले १९०, हेडबाई १७०, खाणकाका १५५. मी २२५! सिस्टरांनी नळी झटकून पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा २२५. हवा मानवली, मी म्हटलं. जिना मी न बसता चढलो. खुर्चीला जाता जाता नमस्कारही केला.

दुपारी चहाला गेलो तर माझा कप टेबलाच्या पार टोकाला, एकटा. पाववाले म्हणाले, बसा की तिकडे, वार्ताहर. तुम्हाला काय, तुमचा आवाज पोचतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

जिन्यातली खुर्ची नाहीशी. हेडबाईंच्या खोलीत सापडली. विचारलं तर म्हणाल्या, तुम्हाला आता लागत नाही ना? ज्यांना लागते त्यांच्याकडे असू दे. आवाज गोड. पट्टी मारण्यापूर्वी बाईंचा असायचा तसा.

मीही ठरवलं, अतिपरिचयादवज्ञा. दिवसभर मौन. दुपारी बसल्या बसल्या वहीतले आकडे बघत होतो आणि सहज बेरीज केली. मंगळवारची ७४०. कालची ७४०. आजही ७४०, कारण आज कोणाचाच आकडा हलला नव्हता.

याला आमच्या शास्त्रात काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फळ पडायला एक गाठ. कावळ्याचा दोष नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मौन चालू. आकडे तेच. बेरीज तीच.

मला रात्री पुन्हा चौथी उशी घ्यावी लागली नाही. पण छातीतली पेटी हळू वाजत होती. ती मंगळवारी रात्री वाजली नव्हती.

८ फेब्रुवारी, शनिवार

एक गोष्ट लिहितो. लिहायला नको होती.

हेडबाई खिडकीशी बसल्या होत्या. कोपरं गुडघ्यांवर, ओठांचा चंबू, मेणबत्ती विझवल्यासारखा श्वास सोडत. आम्ही सगळे असेच सोडतो. मी शेजारी जाऊन म्हटलं, बाई, विद्यार्थ्यांना आयुष्यभर ‘तोंड मिटा’ सांगितलंत, आता डॉक्टर तुम्हाला म्हणतात, अर्धंच मिटा.

त्यांना हसायचं नव्हतं. मला ते दिसत होतं. त्यांनी ओठ दातांखाली धरले, मान फिरवली, नळी मुठीत आवळली. तरी हसू सुटलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या द्वेषाने माझ्याकडे आजवर कोणी पाहिलेलं नाही, आणि मी मंत्र्यांना प्रश्न विचारलेले आहेत.

मी प्रयोग म्हणून केलं. शास्त्र म्हणून.

९ फेब्रुवारी, रविवार

हेडबाई १५५. मी २४०. बाकीचे जिथल्या तिथे. ७४०.

माझा आकडा त्यांनी फळ्यावर दुप्पट मोठा काढला. खडू मोडेस्तोवर दाबून.

पाववाले सगळ्यांदेखत म्हणाले, काय वार्ताहर, आजची ठळक बातमी काय? आमचीच ना? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तशी तिघांनी कानांवर हात ठेवले. म्हातारी माणसं. लहान मुलांसारखी.

दार लावून बसलो आहे. दोन उशांवर.

१० फेब्रुवारी, सोमवार

खाणकाका सकाळी माझ्या खोलीत आले. बारा पावलांच्या वाटेत तीनदा थांबून. खाटेच्या काठावर बसले आणि तीन-तीन शब्दांत बोलले ते असं:

तुझ्या आधी या खोलीत एक गृहस्थ होते. नकलाकार. आले तेव्हा खुर्चीतून उचलून आणले होते. दीड महिन्याने गेले ते जिना धावत उतरून, दोन पिशव्या दोन हातांत. त्या दीड महिन्यात घरातून तिघांना न्यावं लागलं. पाटी त्यानंतर लागली. डॉक्टरांना सांगून पाहिलं, ते हसले. त्यांचं काय जातं.

मग म्हणाले, दगडाची भुकटी माझ्या छातीत गेली, त्याबद्दल माझी तक्रार नाही, ते पोटासाठी होतं. पण जे उरलंय ते तुझ्या छातीत जावं, हे मला मान्य नाही. तू आजच्या गाडीने जा. सिलिंडरची गाडी सोमवारी आणि गुरुवारी येते. आत्ता अकराला येईल. ऊठ.

मी घाबरलो होतो, शपथेवर सांगतो. विनोद करण्याचा विचारही नव्हता. मी फक्त म्हटलं, काका, जातो, पण या पाच उशा खाली कोण नेणार?

मी खरंच विचारलं होतं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग उशांकडे. मग त्यांचे खांदे हलायला लागले.

अकराची गाडी त्यांना घेऊन गेली. सिस्टर सोबत. माझ्यासाठी जागा नव्हती.

११ फेब्रुवारी, मंगळवार

फळ्यावरून खाणकाकांची ओळ पुसली आहे. सिस्टर परतल्या. काय झालं ते त्यांनी सांगायची गरज नव्हती, मी फुंकलं होतं.

पाववाले १९०. हेडबाई १५५. मी ३९५.

एका उशीवर झोपलो. आडवा. सहा वर्षांनी आडवा.

ताईला फोन केला. म्हणाली, अरे, आवाज किती मोकळा झालाय तुझा! आणि ती आनंदाने रडली. मी तिला काय सांगणार?

गुरुवारच्या गाडीने जाणार. तोवर तोंड उघडायचं नाही. कोणाशीच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बूट नाहीत. दाराबाहेर होते.

जेवणघरात गेलो नाही. खालून पाववाल्यांचा आणि हेडबाईंचा आवाज येतो. दोघं काहीतरी पाठ करताहेत. एक वाक्य, थांबणं, पुन्हा तेच वाक्य. चुकलं की हेडबाई दुरुस्त करतात. म्हणतात, घाई नको, शेवट आधी फोडू नका.

आठवडाभर एकमेकांशी भांडणारी माणसं. आज खिडकीवरूनसुद्धा वाद नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

साडेदहा. सिस्टर फाटकापाशी, सिलिंडर उतरवून घ्यायला. गाडी लवकर आली आहे. खिडकीतून दिसते. अनवाणीच जाणार होतो.

दार उघडत नाही. बाहेरून जिन्यातली खुर्ची लावली आहे, फटीतून दिसते. तिच्यावर पाववाले. हेडबाई शेजारी, नळीची सुरसुर ऐकू येते. चढून आले दोघं. हा जिना. कसे चढले असतील—

हाक मारली तर पाववाले म्हणाले, ओरडू नका, वार्ताहर. एक गंमत सांगायची आहे. तुमच्यासारखी नाही जमणार, आम्ही आपले दमेकरी. पण ऐकून घ्या.

सांगताहेत. तीन शब्द. श्वास. तीन शब्द.

एक वार्ताहर असतो— मेल्यावर वर जातो— वर जायला जिना—

कानांत कापूस. पाचवी उशी डोक्यावर. तरी ऐकू येतं. उशी बाजूला मीच केली बहुतेक.

जिन्यात दर पायरीवर खुर्ची— प्रत्येक खुर्चीवर त्याने हसवलेला एकेक जण— आणि कोणीच उठून जागा—

मी हसलो. थोडासा. नाकातून.

छातीत पेटी उघडली.

बाहेर पाववाल्यांनी लांब श्वास घेतला. सलग. मध्ये न थांबता. हेडबाई म्हणाल्या, छान, आता पुढचं.

गाडीचा भोंगा. सिस्टर फाटकातून वर बघत नाहीत.

आता खरं ते लिहितो, जमेल तेवढं. मरणाची भीती जुनी आहे, तिची सवय आहे. भीती वेगळी आहे. सोमवारी खाणकाका खाटेवरून खाली गेले तेव्हा मी आधी धावलो नाही. आधी एक खोल श्वास घेऊन पाहिला. तळापर्यंत गेला. इतका सुंदर होता की मी दुसरा घेतला. मग हाक मारली.

यातून वाचलो, तर तेच पुन्हा करीन. याचीच धास्ती आहे. नवं घर, नवी माणसं, आणि माझ्याकडे एक विनोद— हाच— आता शेवटाला आलेत ते— हसायचं नाही— पण खरोखर, हा विनोद फार चांग—