तुझ्या मशीनचा आवाज

तीर्थरूप आईस, तुला आणि तुझ्या शिलाई मशीनला नमस्कार.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. झोप तेवढी उडालीये, म्हणून कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी उपचार सुरू केलाय. हेडफोन लावून, डोळे मिटून संथ संगीत ऐकायचं. त्यानं जीव शांत होतो म्हणे. हसू नकोस.

संगीत छान आहे. पण ते मध्येच थांबलं की मी ताडकन उठतो आणि बाईंचे हात बघतो. आमच्याकडे यंत्र अचानक थांबलं म्हणजे कुणाचा तरी हात अडकलेला असतो. परवा शेजारच्याचा अडकला. माझी बोटं शाबूत आहेत, काळजी नको.

बाई म्हणाल्या, लहानपणी ज्या आवाजात झोपायचात तो आणा. तुझं मशीन थांबलं तरी मी झोपलेलाच असायचो. दोरा ओवून तू पुन्हा सुरू करणार, हे ठाऊक असायचं. दादाला तो आवाज फोनवर रेकॉर्ड करायला सांग. मधली शांतता कापू नका.

मागच्या खेपेला फोनवर तुझ्यामागे मशीन वाजत नव्हतं. काम नाही म्हणालीस. शाळेचे गणवेश शिवायच्या दिवसांत?

तुझे हात बरे आहेत ना, आई?

तुझा,
धाकटा