विचारात घेण्यात आली

पुणे
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

श्रीमती नसीमबानू यांस,

सोमवारी, १० नोव्हेंबरला, सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी आपण माझं वाक्य खोडलंत. वेळ मी अंदाजानं लिहीत नाही. मसुद्यावर आपल्या नावापुढे ती छापून आली आहे.

आपली प्रकृती बरी असेल. माझी, गुडघे सोडून, उत्तम. मुलगा पुष्कर कॅनडात असतो आणि दर रविवारी फोन करून मला पाणी प्यायची आठवण करतो. झाली ख्यालीखुशाली.

आता कामाचं. लोकांचं म्हणणं सरकारनं कसं ऐकावं याची मार्गदर्शिका तयार होते आहे, आणि ती लोकांनीच ऑनलाइन मिळून लिहायची आहे. कोणीही वाक्य सुचवावं, पाच जणांच्या संपादक गटानं ते ठेवावं किंवा खोडावं, आणि कोणी काय केलं ते साऱ्या गावाला दिसावं. कल्पना चांगली आहे. म्हणूनच तिचं जे चाललंय ते बघून मला शिसारी येते.

या मार्गदर्शिकेच्या कार्यशाळेला मी गेले होते. रंगीत चिठ्ठ्या वाटल्या, सामोसे वाटले, 'मनमोकळं लिहा' म्हणाले. मी उठून विचारलं, "पहिल्याच पानावर लिहिलंय, 'नागरिकांच्या सूचना विचारात घेण्यात येतील.' कोण घेणार? ही भिंत?"

स्पृहा नावाची समन्वयक मुलगी गोड हसली. "काकू, तुमचा पॉइंट ना, आपण पार्किंगमध्ये ठेवूया. नंतर डिस्कस करू."

"पुण्यात पार्किंग मिळालं हेच खूप झालं," मी म्हटलं. सगळे हसले आणि माझी चिठ्ठी भिंतीवर सुकत राहिली.

म्हणून घरी येऊन मी मसुद्यात वाक्य घातलं: "प्रत्येक हरकतीला कारणासह लेखी उत्तर द्यावे आणि उत्तर देणाऱ्याने खाली आपले नाव लिहावे." नव्वद जणांनी पाठिंबा दिला. आणि आपण, संपादक गटातल्या एकमेव शहाण्या बाई, ते खोडून शेजारी शेरा मारलात: "नामंजूर. उत्तर मागणाऱ्या बाईंनी नोकरीत स्वतः किती उत्तरं दिली, ते आधी सांगावं."

बास. 'आपण' इथं संपलं. पुढे तू.

नसीम, याला कारण म्हणतात? हा टोमणा आहे. आणि तोही सव्वीस वर्षं जपून ठेवलेला. तुमच्या दुकानावरून रस्तारुंदीची रेषा गेली, तू हरकत घेतलीस, तिच्यावर 'विचारात घेण्यात आली' असा शिक्का मारण्यात आला. खरं आहे. पण त्या वर्षी चारशे हरकतींवर तोच शिक्का मारण्यात आला. कार्यालयाची पद्धतच तशी होती.

*

वरचा मजकूर काल लिहिला. आज सकाळी वाचला आणि माझीच मला किळस आली. 'मारण्यात आला.' शाळेत सिस्टर आपल्याला काय शिकवायच्या? 'द विंडो वॉज ब्रोकन' म्हटलं की खडू आपटून विचारायच्या, "बाय हूम?" कोणी? आणि मागच्या बाकावरून तू उभी राहायचीस. "मी, सिस्टर." मी कधीच उभी राहिले नाही. खिडकी फोडणाऱ्या दगडांतले दोन माझे होते.

तर लिहिते. शिक्का मी मारला. मी, पद्मजा, हरकती विभागाची वरिष्ठ लिपिक.

आणि तुला माहीत नाही असं आणखी एक आहे. तू अर्जात विचारलं होतंस, "रेषा सरळ येते आणि आमच्याच दुकानापाशी का वाकते?" मला वाटलं, नसीमचा नेहमीचा संशयी स्वभाव. तरी जुना नकाशा काढला, त्यावर नवा ट्रेसिंगचा कागद ठेवला आणि दोन्ही खिडकीच्या काचेला लावले. जुन्या नकाशात रेषा वाकलेली नव्हतीच. नक्कल करताना कागद सरकला होता. कोणाची लबाडी नाही, पैसे खाल्लेले नाहीत. कागद सरकला, एवढंच. त्यापायी तुमच्या दुकानाचे दहा फूट गेले.

मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, नकाशे छापून झालेत. आता एक रेषा हलवली तर सगळी गल्ली दारात येईल." मी "हो सर" म्हटलं आणि जागेवर येऊन बसले. त्याच दुपारी तुझा फोन आला, "पद्मा, माझ्या अर्जाचं काय झालं गं?" मी म्हटलं, "विचारात घेतलाय." शिक्क्यानं बोलावं तशी बोलले. तू फोन ठेवलास, तो ठेवलासच.

पुढे तुझ्या अब्बांनी, चांदचाचांनी, वह्या बांधायचं काम धायरीला हलवलं. एकदा ते मला स्वारगेटला दिसले, बसमधून वह्यांचे गठ्ठे उतरवत होते. मी रिक्षात होते. त्यांनी मान वर केली, तशी मी रिक्षावाल्याला म्हटलं, "पुढे घ्या." ते गेल्याचं कळलं तेव्हाही मी तुझ्याकडे आले नाही. काय तोंड घेऊन येणार होते?

म्हणून तुझ्या हरकतीचं उत्तर आज देते. हरकत बरोबर होती. रेषा चुकली होती. ते मला ठाऊक होतं, आणि मी भ्याले म्हणून गप्प बसले. नाव खाली आहे.

हेच उत्तर मी माझ्या खोडलेल्या वाक्याखाली, सगळ्यांना दिसेल असं टाकलं आहे. स्पृहाचा लगेच फोन आला. "काकू, हे पब्लिक आहे! तुम्ही शुअर आहात ना? तुमच्यावर काही येणार नाही ना?"

"सत्तरी उलटली, बाळ. आता यायचं ते गुडघ्यावरच येतं," मी म्हटलं. पण भीती वाटत होती, हे तुला सांगते. तिला नाही सांगितलं.

क्षमा मागत नाही. तू टोमणाच मारशील आणि तो बरोबर असेल. पण माझं वाक्य माझ्यासाठी नाही. उद्या आणखी कुणाचा कागद सरकेल आणि त्या टेबलावर माझ्यासारखीच कुणी भित्री बाई असेल. उत्तराखाली नाव लिहावं लागलं, तर कदाचित ती साहेबांपुढे आणखी एक मिनिट उभी राहील.

वाक्य खोडायचं तर खोड. मात्र कारण वाक्याबद्दलचं दे. मी नालायक होते, हे कारण चालणार नाही. मसुदा महिनाअखेरीस बंद होतोय. मंगळवार, २५ नोव्हेंबर, दुपारी चारच्या आत तुझं उत्तर मला हवं आहे. लेखी, कारणासह, खाली तुझं नाव. फोन केलास तर उचलणार नाही. तुझा आवाज ऐकून मी पुन्हा काहीतरी भलतंच बोलेन.

'तुझी' लिहायचा हक्क राहिलेला नाही, म्हणून नुसतीच,

पद्मजा